पुढच्या दोघांपुरतं

"पण मागं बसणाऱ्यांसाठी काय आहे?" हेमानं पुन्हा विचारलं.

शोरूममधला विक्रेता शांत स्वभावाचा होता. त्यानं पुन्हा समजावलं. या मॉडेलला दोन एअरबॅग. एक स्टिअरिंगमध्ये, एक डाव्या बाजूला डॅशबोर्डमध्ये. मागं पट्टे आहेत, तिघांनाही. वरच्या मॉडेलला मात्र सहा. दोन सीटच्या कुशीत आणि दोन छतात, खिडक्यांच्या वर. बाजूनं धडक बसली की त्या छतातल्या पडद्यासारख्या खाली येतात, पुढच्या आणि मागच्या दोन्ही खिडक्यांवरून.

"पडदा?" अप्पा हसले. "लग्नाची गाडी हाय का काय?"

आम्ही सांगलीला गाडी बघायला गेलो होतो. अप्पा म्हणजे माझे वडील, आई, धाकट्या भावाची बायको हेमा आणि मी. माझं सासर कोल्हापूरचं, पण गाडी घ्यायची म्हणून अप्पांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. भाऊ धैर्यशील कोइमतूरला होता. आमच्या विट्याकडची निम्मी माणसं गलाईच्या धंद्यात, सोनं गाळायच्या भट्ट्या घेऊन देशभर पसरलेली. अप्पांनी आयुष्य सेलमला काढलं, मग दुकान मुलाच्या हाती देऊन गावी परत आले. धैर्यशीलनं ते कोइमतूरला नेलं. हेमा विट्यात राहून सासूसासऱ्यांचं बघायची. त्यांची मुलगी सई पन्हाळ्याला वसतिगृहात शिकत होती.

हेमाला गाडी चांगली येत होती. आईला दवाखान्यात, अप्पांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे, सईला भेटायला, सगळं तीच करायची. जुनी गाडी खिळखिळी झाली म्हणून ही नवी. पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी, लहानशी, गल्लीत वळेल अशी. क्लच नाही, गिअर बदलायचा नाही.

हेमानं मोबाइल काढला आणि अप्पांच्या समोर धरला. एका मोठ्या खोलीत अशीच एक लहान गाडी उभी होती आणि तिच्या कुशीवर एक जड ढकलगाडी येऊन आदळत होती. आत माणसाच्या मापाचे बाहुले. धडक बसली तसं मागच्या बाहुल्याचं डोकं काचेच्या बाहेर जाऊन आत आलं. मग तीच धडक, पण पडदा असलेल्या गाडीला. डोकं त्या फुगलेल्या कापडावर टेकून राहिलं.

"बाहुल्याच्या मानेत काय जोर असतो?" अप्पा म्हणाले. "जितं माणूस धरून बसतं. सेलम ते विटा मी जीप चालवत आलोय, पोरं मागं टपाच्या दांडीला धरून बसायची. एकाला तरी खरचटलं का, विचार तुझ्या सासूला."

आई तोवर मागच्या सीटवर जाऊन बसली होती. तिनं सीटवरून हात फिरवला. "मऊ आहे," ती म्हणाली. "मी आपली इथंच बसेन. पुढं बसलं की समोरची गाडी अंगावर आल्यागत वाटतं."

"म्हणूनच म्हणतेय, वरचं मॉडेल घेऊ," हेमा म्हणाली.

विक्रेत्यानं सांगितलं, ते मॉडेल बुकिंगवर मिळेल, श्रावणापर्यंत थांबावं लागेल. हे मात्र पाडव्याला दारात उभं करतो.

अप्पांना पाडवा हवा होता. गल्लीत दोघांच्या गाड्या येणार होत्या पाडव्याला. हेमानं कोइमतूरला फोन लावला. धैर्यशील भट्टीपाशी असावा, मागं पंख्याचा आवाज येत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अगं, अप्पांना आवडलीय ना? मग झालं. तुम्ही कुठं रेस लावणार आहात?"

हेमानं फोन पर्समध्ये टाकला. अप्पा स्टिअरिंगवर जाऊन बसले, दोन्ही हात चाकावर ठेवले. "क्लचच न्हाई," ते म्हणाले. "आता गुडघ्याचं दुखणं आडवं यायचं न्हाई."

"अप्पा," मी म्हटलं, "डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

काचबिंदूनं त्यांची बाजूची नजर गेली होती. समोरचं स्वच्छ दिसायचं, पण कडेनं काही आलं तर ते अगदी जवळ येईपर्यंत कळायचं नाही. लायसन्सची मुदत संपली, तेव्हा डॉक्टरांनी दाखला दिला नव्हता. धैर्यशीलनं त्यांना चाकाला हात न लावायची शपथ घातली होती.

"नुसतं बसून बघतोय गं," ते म्हणाले.

पाडव्याला गाडी आली. आईनं चाकांखाली लिंबं ठेवली, हेमानं हळदीकुंकू लावलं. दिवाळीपर्यंत गाडी गुण्यागोविंदानं चालली. मग कार्तिकात, एका दुपारी, हेमाचा फोन आला. "अक्का, आई गेल्या," एवढंच ती म्हणाली. फोन कुणीतरी तिच्या हातातून घेतला.

तासगावजवळच्या एका खेड्यात माझा मामा आजारी होता. त्याला बघून तिघं परत निघाले होते. खेड्याचा रस्ता मोठ्या रस्त्याला मिळतो तिथं गाडी वळत असताना उजवीकडून टेम्पो आला आणि मागच्या दारावर आदळला. त्याच दाराशी आई बसलेली. गाडी गरकन फिरली आणि ओढ्याच्या पुलाच्या कठड्यावर समोरून आपटली. पुढच्या दोन्ही एअरबॅग उघडल्या. हेमाचं मनगट मोडलं, अप्पांच्या बरगड्यांना मार बसला, दोघांच्या चेहऱ्यांवर कापडानं भाजल्यासारखं खरचटलं होतं. आईच्या अंगावर रक्ताचा थेंब नव्हता. कानाच्या वरती एवढीशी सूज होती आणि डोळे उघडे होते.

पडदा असता तर आई वाचली असती का, हे मी पुढं दोन डॉक्टरांना विचारलं. दोघांनीही सरळ उत्तर दिलं नाही.

गाडी हेमा चालवत होती असं पंचनाम्यात लिहिलं गेलं. तिनंच सांगितलं होतं. टेम्पोवाला म्हणाला, गाडी न थांबता एकदम रस्त्यावर आली. तिच्यावर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला. टेम्पोवाला सुटला.

मी माहेरी आले तेव्हा ओसरीवर बायका बसल्या होत्या. मला बघून त्यांनी गळा काढला, आणि गळा काढता काढता माझ्या चुलतीनं माझ्या कानाशी तोंड आणलं. "गाडीची लई हौस हुती बघ तिला. म्हातारीला नेऊन आली." हेमा आत न्हाणीशेजारच्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. तिच्याशी कुणी बोलत नव्हतं. धैर्यशील विमानानं आला, आईच्या पायांवर डोकं ठेवून रडला, पण हेमाच्या खोलीच्या दारापर्यंतही गेला नाही.

अप्पा कोपऱ्यात खुर्चीवर बसलेले असत. गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा शर्ट, हात मांडीवर. कुणी विचारलं तरी बोलायचे नाहीत. आलेली माणसं म्हणायची, म्हाताऱ्यानं हाय खाल्ली.

हेमाच्या एका हाताला प्लास्टर होतं म्हणून तिला आंघोळ मी घालायचे. पहिल्या दिवशी तिनं पाठ फिरवून घेतली. मग एकदा साबण निसटला, ती वळली आणि मला तो वळ दिसला. डाव्या खांद्यावरून निघून छातीवरून तिरका खाली उजव्या कमरेपर्यंत. काळानिळा, पट्ट्याच्या रुंदीचा, कडेला लाल. मी "आई गं" म्हटलं. तिनं घाईनं टॉवेल ओढून घेतला.

"सीटबेल्टचं आहे, जाईल," ती म्हणाली.

मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. पट्ट्यानं वाचली, एवढंच मनात आलं.

पुढं एक दिवस मी कपडे आणायला कोल्हापूरला निघाले होते. नवरा न्यायला आला होता. मी त्याच्या शेजारी बसले, पट्टा ओढला. तो माझ्या डाव्या खांद्यावरून आला आणि उजव्या कमरेशी बकलात बसला. मी नवऱ्याकडे बघितलं. त्याचा पट्टा उजव्या खांद्यावरून आला होता आणि डावीकडं खाली गेला होता.

मी तशीच बसून राहिले. हेमाचा वळ डाव्या खांद्यावर होता.

"काय झालं?" नवरा म्हणाला.

"तुम्ही जावा. मी उद्या येते एसटीनं."

हेमा परसात तुळशीपाशी बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले. सरळच विचारलं, "गाडी कोण चालवत होतं?"

"मी."

"हेमा, वळ डाव्या खांद्यावर आहे."

तिनं मागच्या दाराकडे बघितलं. दारात कुणी नव्हतं.

"मामांच्या गावातून निघताना मी आईंना बाथरूमला घेऊन गेले होते," ती म्हणाली. "परत आलो तर अप्पा चाकावर बसलेले. किल्ली मी पर्ससकट गाडीतच ठेवली होती. ही गाडी सुरू झाली तरी आवाज येत नाही, अक्का. मी म्हटलं, अप्पा, उठा. ते म्हणाले, मोठ्या रस्त्यापर्यंत नेतो, मग तू घे. आई म्हणाल्या, नेऊ दे गं, कधीची इच्छा आहे त्यांची. मी म्हटलं, वळणाच्या अलीकडे थांबवा. ते हो म्हणाले."

"थांबले नाहीत?"

"मी ओरडले. टेम्पो मला दिसत होता. त्यांना दिसतच नव्हता."

"मग तू असं का सांगितलंस?"

"लोक धावत आले तेव्हा आम्ही दोघं बाहेर होतो. अप्पा आईंचं डोकं मांडीवर घेऊन रस्त्यात बसलेले. मी मारलं हिला, मी मारलं, असं एकसारखं म्हणत होते. लोक जमले, विचारायला लागले गाडी कुणाची, कोण चालवत होतं. कुणीतरी अप्पांची कॉलर धरली. मी म्हटलं, त्यांना भान नाहीये, गाडी मी चालवत होते. तोंडातून निघून गेलं, अक्का. मग पोलीस आले. त्यांनी विचारलं तेव्हा मी अप्पांकडे बघितलं. मला वाटलं, आता ते सांगतील."

"आणि?"

"ते गप्प बसले."

तिनं प्लास्टरवरचा धागा ओढला. "मी वाट बघितली. त्या दिवशी बघितली, दुसऱ्या दिवशी बघितली. हे आले, माझ्याकडे बघेनात, तेव्हाही वाटलं, आता सांगतील. त्यांच्या मनात नाही, अक्का. मी तरी आता कुठल्या तोंडानं सांगू? लायसन्स नाही, डोळे नाहीत. त्यांना आत टाकतील. आणि लोक म्हणतील, जीवावर आलं तशी सासऱ्याचं नाव घेते."

"धैर्यशीलला तरी सांग."

"नाही. तुम्हीही सांगायचं नाही. शब्द द्या."

मी शब्द दिला. त्या क्षणी तिच्यासमोर मला दुसरं काही सुचलं नाही. पण आत गेले, आणि कोपऱ्यात खुर्चीवर बसलेल्या माझ्या बापाकडे बघितलं, तेव्हा मला एकेक गोष्ट आठवायला लागली. दोन दिवसांपूर्वीच धैर्यशील त्यांच्या बरगड्यांना मलम लावायला गेला होता. त्यांनी त्याला लावू दिलं नव्हतं. आंघोळही दाराला कडी लावून, एकट्यानं. घरात बसूनही गळ्यापर्यंत बटणं.

तेराव्याचं जेवण झालं. पाहुणे पांगले. संध्याकाळी माजघरात घरचीच माणसं उरली, आम्ही चौघं. धैर्यशील उभाच होता. तो हेमाला म्हणाला, "उद्या तुझा भाऊ येतोय कराडहून. त्याच्याबरोबर जा. कोर्टाचं काय ते मी वकिलाकडून बघतो. सईला मी कोइमतूरला घेऊन जाणार आहे."

हेमानं त्याच्याकडे बघितलं. "सईला कशाला?"

"तिची आजी होती ती," धैर्यशील म्हणाला. "तुला एक वळण घेता आलं नाही. एवढी ती एअरबॅग एअरबॅग करत होतीस. तुझ्यासाठी उघडली ना?"

हेमा उभी राहिली आणि पुन्हा बसली. मी अप्पांकडे बघत होते. ते जमिनीकडे बघत होते. सई त्यांची लाडकी. तिचं नाव निघालं तेव्हा त्यांची बोटं मांडीवर हलली, तेवढंच.

शब्द दिला होता, म्हणून मी धैर्यशीलला काही सांगितलं नाही. मी अप्पांच्या समोर जाऊन उभी राहिले.

"अप्पा," मी म्हटलं, "शर्ट काढा."

त्यांनी मान वर केली.

"अक्का, हे काय?" धैर्यशील म्हणाला.

"काढा, अप्पा. उजवा खांदा दाखवा."

"तुला वेड लागलंय का? आज आईचा तेरावा आहे. म्हाताऱ्या माणसाला..." तो माझा दंड धरायला आला. मी हलले नाही. अप्पा माझ्याकडे बघत होते. लहानपणी मी काही फोडलं की मी त्यांच्याकडे जसं बघायचे, तसं. मग त्यांचा हात वर आला, गळ्याशी गेला. बटण सापडेना. सापडलं. पहिलं निघालं. दुसरं निघालं. कॉलर जराशी बाजूला सरकली आणि उजव्या गळपट्टीच्या हाडापाशी काळसर पिवळी कड दिसली.

तेवढ्यात हेमा उठली. ती चालत आली, अप्पांच्या पुढ्यात वाकली आणि त्यांचा हात धरला. "राहू द्या," ती म्हणाली. प्लास्टरमधून बाहेर आलेल्या बोटांनी शर्ट धरून, दुसऱ्या हातानं तिनं दुसरं बटण लावलं. मग पहिलं लावलं. कॉलर नीट केली.

अप्पा रडायला लागले. तोंड उघडं, पण आवाज येत नव्हता.

धैर्यशीलनं आधी अप्पांकडे बघितलं, मग हेमाच्या पाठीकडे. तिची साडी खांद्यावरून सरकली होती. ब्लाऊजच्या कडेला, डाव्या खांद्यावर, वळाचं टोक दिसत होतं. तो गाडी चालवणारा माणूस होता. त्याला कुणी काही समजावून सांगायची गरज पडली नाही. तो भिंतीला टेकला आणि हळूहळू खाली बसला.

तिथूनच तो म्हणाला, "पोलिसांकडे जाऊ. खरं ते सांगू."

"आणि मग?" हेमा म्हणाली. "ते आत जातील. आई परत येणार आहेत का? मी जबाब दिलाय. तो तसाच राहू दे."

"अप्पा," धैर्यशील म्हणाला. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच तो सरळ त्यांच्याशी बोलला. "तुम्ही काय म्हणता?"

अप्पांनी दोघांकडे बघितलं. मला अजून वाटतं, तेव्हा ते हो म्हणाले असते, तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं. ते म्हणाले, "मला कोठडीत जमायचं न्हाई रं."

धैर्यशील उठून बाहेर गेला. त्यानंतर तो वडिलांशी कामापुरतंही बोलला नाही. त्यानं दुकान मुनिमावर सोपवलं आणि विट्यातच राहिला. अप्पांना दवाखान्यात नेलं, औषधं आणली, पुढं हात चालेनात तेव्हा आंघोळ घातली, पण तोंडातून शब्द नाही. हेमा मात्र बोलायची. आमटी वाढू का, शाल आणू का, सईचा फोन आहे. गावात तिचं नाव सासूला मारणारी म्हणूनच राहिलं. लग्नकार्यात बायका तिच्या हातून हळदीकुंकू घ्यायला मागंपुढं बघायच्या. सईनं एकदा सुट्टीत विचारलं, "आई, खरंच तू होतीस का?" हेमा म्हणाली, "हो." मी तिथंच भाजी निवडत बसले होते.

खटला काही वर्षं चालला. वकील म्हणाला, लढू, टेम्पोचा वेग होता हे दाखवता येईल. हेमानं नको म्हटलं. उलटतपासणीत कुणी काही खोदून विचारेल याची तिला धास्ती होती. तिनं गुन्हा कबूल केला. न्यायाधीशांनी तिचं वय, घरचं माणूसच गेलंय हे सगळं बघून दंड केला आणि कोर्ट उठेपर्यंत तिथंच बसून राहायची शिक्षा दिली.

त्या दिवशी मीही गेले होते. ती मागच्या बाकावर बसली. धैर्यशील तिच्या शेजारी बसला. शिपाई म्हणाला, साहेब, तुम्ही बाहेर थांबला तरी चालेल. तो म्हणाला, मी इथंच बसतो. दुसऱ्यांची प्रकरणं चालू होती, बांधाची, चेकची, मारामारीची. दुपारी मी डबा उघडला. हेमानं अर्धी चपाती खाल्ली आणि उरलेली त्याच्या हातात दिली. संध्याकाळी न्यायाधीश उठले, सगळे उभे राहिले, आणि शिपायानं तिला जायला सांगितलं.

आम्ही घरी आलो तेव्हा अप्पा ओसरीवर बसलेले होते. खूप वाळले होते ते तोवर. धैर्यशील चपला काढून त्यांच्या शेजारून आत गेला. हेमा थांबली.

"काय म्हणालं कोर्ट?" अप्पांनी विचारलं.

"काही नाही, अप्पा. संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. संपलं आता."

अप्पांनी मान हलवली. रस्त्याकडे बघत बसले. मग अगदी हळू, पण मला नीट ऐकू आलं, त्यांनी विचारलं, "आणि मला?"

हेमा त्यांच्याकडे बघत उभी राहिली. मग तिनं पदर खोचला आणि आत जाऊन कुकर लावला.